गाळलेले चार सेकंद

कुठलीही व्हिडिओ कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी अंकल ती नाकाशी नेऊन हुंगत. "हिका बुरो इलो," म्हणत बाजूला ठेवत, नाहीतर मान डोलावून आत सरकवत. आमच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. कणकवलीच्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक त्या नाकाच्या निकालाची वाट पाहत उभं असे.

सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही. मालवणकडच्या ख्रिस्ती घरातले. पण आसपासच्या हिंदूंच्या लग्नांचं शूटिंगही वर्षानुवर्षं त्यांनीच केलं. तुमच्याही घरी अशी एखादी कॅसेट असेल, जिच्यात नवरानवरी कमी आणि वाढप्याची पाठ जास्त. लोक म्हणत, अंकल, जरा कापा. ते म्हणत, "काढून टाकलेला परत गावना नाय." माझ्या मावशीच्या लग्नात एक बकरी मांडवात शिरून नवऱ्याचा हार खाते. तीही त्यांनी कापली नाही. मावशी अजून चिडते.

पुढे मोबाइल आले आणि शूटिंगची कामं आटली. मग अंकल जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देऊ लागले. त्यासाठी त्यांच्याकडे एक छोटी डबी होती; एका बाजूने कॅसेटचं चित्र घ्यायची, दुसरीकडून कॉम्प्युटरला द्यायची. नवा कॉम्प्युटर आला आणि ती चालेना. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

मी धामापूरला घरून काम करते, आणि माझं कामच हे: अशा यंत्रांचं कॉम्प्युटरशी बोलणं जुळवणारे प्रोग्राम लिहायचे, म्हणजे ड्रायव्हर. अंकलना ते कळल्यावर एवढंच म्हणाले, "तुका येता मा? मगे कर गो."

घाई कशाची होती तेही त्यांनी सांगितलं. मुलीच्या रोसाची, म्हणजे लग्नाआधी नवरीला नारळाचा रस लावतात त्या कार्यक्रमाची, एक कॅसेट होती. तिच्यात त्यांचा मुलगा कॅमेऱ्याकडे वळून काहीतरी बोलतो. काय ते अंकलना आठवत नव्हतं. पुढे तो जहाजावर गेला आणि समुद्रातच हरवला. पुरायलाही काही मिळालं नाही. ती कॅसेट हुंगून ते म्हणाले, "ही एकदाच चलात."

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, सगळे प्रोग्राम ओळखतात तो सरळ, ठरलेला इंटरफेस. त्यात चित्र स्वच्छ येतं, पण सिग्नल तुटला की खराब फ्रेम आवाजासकट गाळली जाते. दुसरी, डबीतून येईल ते जसंच्या तसं साठवायचं. ते उघडायला मात्र वेगळा प्रोग्राम लिहावा लागणार, आणि तो आमच्याखेरीज कोणाच्या उपयोगाचा नाही.

मी अंकलना हे समजावलं. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. "दुसऱ्या कोणाक उघडूक नाय इला तरी चलात. माका सगळा व्हया. खराब आसात तां पण."

मी मान डोलावली आणि घरी येऊन पहिली वाट धरली. नीटनेटकं काम करायची खोड, दुसरं काय. वाटलं, खराब फ्रेमा घेऊन म्हातारा करणार काय? इतर दहा कॅसेटींवर ड्रायव्हर झकास चालला. माझी मलाच शाबासकी देऊन झाली.

मग ती कॅसेट लावली. नवरी, करवल्या, गाणी. मुलगा वळला, हसला, त्याने तोंड उघडलं. पुढच्याच क्षणी तो पाठमोरा होऊन निघून जात होता. मधले चार सेकंद गाळले गेले होते. थोडं पुढे गेल्यावर मशीनने करकर केली आणि फीत तुटली. आधी चालून गेलेल्या फितीवरचाही थर सुटून अंकलच्या बोटांना लागला.

"खंय गेलो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. रडत सांगितलं. त्यांनी बोटं पँटला पुसली, मला चहा मागवला आणि पुन्हा पहिल्यापासून फाइल लावली. एका शब्दाने मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात मी दुसरा ड्रायव्हर लिहिला, सगळं ठेवणारा. तोवर ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ह्या मे महिन्यात अंकल गेले. मातीला मी गेले होते. चर्चच्या बाहेर त्यांची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "तुमचे उपकार झाले. माझो भाव काय बोललो ता पप्पांका अखेरीक आयकूक इला."

तिने माझा हात सोडून रुमाल काढला.

"'पप्पा, तू जेवलंस?' असा इचारता तो. शूटिंग करताना पप्पा कधी जेवत नसत ना. माका फोनवर सांगताना रडत होते." तिने डोळे पुसले. "तुमीपण आयकलात मा?"

"होय," मी म्हटलं. "स्पष्ट ऐकू आलं."