मास्तरांचा फेरफटका

मास्तर शिंपी होते. सातवीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल पाहून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. त्या हिशेबाने त्यांच्या बायकोला आपोआप मास्तरीणबाई म्हणू लागले. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात राहिले तिघं: मास्तर, मास्तरीणबाई आणि मास्तरांचा थोरला भाऊ, दादा.

दादाने कारखान्यात लेथवर उभं राहून अख्खी नोकरी काढली होती. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाला तेव्हा जाड गादीची एक खुर्ची घेऊन तो भावाकडे राहायला आला. "आयुष्य उभ्याने गेलं," तो म्हणाला, "आता बसून काढतो." कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसाने राबल्यावर बसू नये तर काय करावं?

मग दादा बसला तो बसलाच. आधी पेपर आणायला जाणं सोडलं, पेपर घरी येऊ लागला. मग जेवायला टेबलाशी येणं सोडलं, ताट खुर्चीपाशी येऊ लागलं. तो एकेक काम सोडत गेला आणि त्याचे पाय त्याला सोडत गेले. पडला नाही, झडला नाही, मोठं दुखणं आलं नाही. तरी एका सकाळी खुर्चीच्या हातांवर जोर देऊनही त्याला उठता येईना. तेव्हापासून मास्तर एका बाजूने आणि मास्तरीणबाई दुसऱ्या बाजूने, असं त्याला बाथरूमपर्यंत न्यावं लागे. दादा अंगाने चांगला भरलेला होता. त्याला पोचवून आल्यावर मास्तर भिंतीला टेकून दम घ्यायचे आणि मास्तरीणबाई तशाच स्वयंपाकघरात वळायच्या.

सरकारी दवाखान्यातून व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आल्या, त्या दिवसापासून खरी गोष्ट सुरू झाली. बाई तरुण होत्या, पण आवाजात जरब होती. त्यांनी दादाला सांगितलं, "हात छातीशी धरा आणि कशाचाही आधार न घेता उठायचा प्रयत्न करा."

"मला उठता येत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" दादा म्हणाला.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही करून दाखवा बरं. त्यांना धीर येईल."

मास्तर हसत हसत बाजूच्या लाकडी खुर्चीवर बसले, हात छातीशी घेतले आणि उठायला गेले. अर्ध्यावर आले आणि बदकन खाली बसले. ते मुद्दाम गंमत करताहेत असं वाटून मास्तरीणबाई हसल्या. मास्तरांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. मांड्या थरथरल्या, तोंड लाल झालं, आणि ते पुन्हा खुर्चीत. आता मास्तरीणबाई हसल्या नाहीत.

हसला तो दादा. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. "बघा," तो बाईंना म्हणाला, "एकाच ताग्यातलं कापड आहे."

बाईंनी मास्तरांना वय विचारलं. अठ्ठावन्न. काम विचारलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे अजून वेळ आहे. पण तो असा बसून घालवण्याइतका नाही." रोज खुर्चीतून उठबस करा, तासन्‌तास मशीनला चिकटून राहू नका, संध्याकाळी पाय मोकळे करा, रात्रीचं जेवण लवकर आणि बेताचं ठेवा, असं त्यांनी सांगितलं. दादाला म्हणाल्या, "तुम्हीही पडल्या पडल्या पाय हलवा. कूस स्वतः बदला. तेवढ्यानेसुद्धा उचलणाऱ्याचं ओझं कमी होतं."

दादाने टीव्हीचा आवाज वाढवला.

मास्तर दुकानात आले खरे, पण त्या दिवशी सुईत दोरा घालतानाही त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. पूर्वी त्यांचं मशीन पायाने चालायचं. मोटर बसवली तेव्हा पायांची वेठबिगार सुटली म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. आता त्यांनी आपल्या मांडीवर हात ठेवून पाहिला. मऊ, ढिली, जुन्या उशीसारखी लागली. दादाला आपण दोघं उचलतो. दादाच्या वयाला आपण पोचू तेव्हा आपल्याला कोण उचलणार? मुलगी लांब. बायको आपल्यापेक्षा चणीने निम्मी. हा हिशेब त्यांनी कधी मांडलाच नव्हता, आणि आता तो डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मनावर घेतलं. कापड बेतायचं काम उभ्याने करू लागले. एक शिलाई संपली की उठून दारापर्यंत जात. दुकानात चहा मागवायचे, तो टपरीवर जाऊन प्यायला लागले, तोही बिनसाखरेचा. गिऱ्हाइकं चेष्टा करायची. "मास्तर, ऑलिम्पिकला निघालात की काय? आमची पँट तेवढी आधी द्या." मास्तरीणबाईंनीही मान उडवली. "नव्याचे नऊ दिवस. बघू."

पण नऊ दिवस झाले आणि मास्तर थांबले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद केलं की घरी येऊन बूट बदलायचे आणि मोठ्या रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचे. सुरुवातीला पोटऱ्या भरून यायच्या. मग हळूहळू अंग हलकं वाटू लागलं. झोप लागू लागली. घरी आल्यावर ते आतल्या खोलीत उठबस करायचे, आणि लाकडी खुर्ची दर वेळी करकरायची.

ती करकर बाहेरच्या खोलीत दादाला ऐकू यायची.

एकदा त्याने टीव्ही बंद करून हाक मारली. मास्तर घाम पुसत बाहेर आले.

"काय करतोस रे आत?"

"काही नाही. व्यायाम."

"माझ्यासारखं होऊ नये म्हणून?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. पण ते दमले होते, आणि दमलेला माणूस खरं बोलून जातो. "हो," ते म्हणाले.

दादाने मान हलवली. "बरोबर आहे. मी म्हणजे तुझं भविष्य, नाही का? दिवाणखान्यात मांडून ठेवलेलं."

"तसं नाही रे दादा. पण तू जरा हातपाय हलवलेस तर तुझंही—"

"माझं मी बघतो."

त्यानंतर दोन दिवस दादाने ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवलं. मास्तरांना वाईट वाटलं, पण फेरफटका काही त्यांनी सोडला नाही. उठबस तेवढी दुकानात करू लागले, पडदा ओढून. आपण काहीतरी चोरून करतोय असं त्यांना वाटायचं. स्वतःच्या पायांची काळजी घेणं हा भावाचा अपमान कसा होतो, हे त्यांना उमगत नव्हतं, आणि होतो हेही दिसत होतं.

मास्तरीणबाई या भांडणात कुठेच नव्हत्या. त्या मास्तरांसाठी कमी मिठाची भाजी वेगळी काढायच्या, दादासाठी वेगळी, आणि स्वतः उरलेली खायच्या. त्यांच्या कंबरेत कळ यायची तेव्हा ओट्याला धरून क्षणभर उभ्या राहायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वाऱ्याने धरलंय."

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते, गणवेशांचं काम अंगावर आलं होतं. त्या संध्याकाळी मास्तर उशिरा निघाले, पण फेरी चुकवायची नाही म्हणून घरी बूट बदलून तसेच टाकीकडे गेले. हवा छान होती. पाय असे पडत होते की ते टाकीपाशी न थांबता पुढच्या पुलापर्यंत गेले आणि घामाघूम, खूश होऊन परतले.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत दादा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, एक पाय विचित्र दुमडलेला. त्याच्याजवळ मास्तरीणबाई कुशीवर पडल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन. त्या ओरडत नव्हत्या. डोळे मिटून श्वास मोजून घेत होत्या.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "कंबर. हलवू नका मला."

दादाला बाथरूमला जायचं होतं. मास्तर येतील म्हणून त्याने बराच वेळ कळ काढली. मग राहवेना. मास्तरीणबाईंनी एकटीने उचलायला पाहिलं, तो उठलाही, आणि मग दोघंही खाली आले. दादाचा पायजमा ओला झाला होता. तो भावाकडे न बघता म्हणाला, "मी तिला नको म्हणालो होतो."

मास्तर गुडघ्यावर बसले. "शेजारी हाक मारायची नाही का?" त्यांनी बायकोला विचारलं.

मास्तरीणबाईंनी डोळे उघडले. "रोज कुणाला हाक मारू? अहो, तुम्ही फिरायला जाता तेव्हा दादांपाशी कोण बसतं, असं कधी विचारलंत?"

इतके दिवस मास्तर म्हणत होते की मी माझ्यासाठी रोज वेळ काढतो. तो वेळ कुणाच्या खिशातून काढला होता, ते आता समोर फरशीवर पडलं होतं.

दादाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. मास्तरीणबाईंच्या मणक्याजवळची शीर दबली होती. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि पुन्हा वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. गणवेश वेळेवर गेले नाहीत, गिऱ्हाइकं बोलून गेली. मास्तर स्वयंपाक करायचे, करपवायचे, दोघांना भरवायचे. फिरणं बंदच पडलं. रात्री अंग टेकलं की त्यांना वाटायचं, म्हातारपण पुढे कुठे नाही, ते इथेच येऊन बसलंय.

या दिवसांत दादाचा टीव्ही बंद असायचा. आतल्या खोलीतून मास्तरीणबाईंचं कण्हणं त्याला ऐकू यायचं. एका सकाळी मास्तर त्याला उठवायला गेले तर तो आधीच कुशीवर वळला होता, पलंगाची कड धरून.

"कसा वळलास?" मास्तरांनी विचारलं.

"वळलो. सगळी रात्र गेली त्यात," दादा म्हणाला. "त्या बाईंना परत बोलाव. मी काय आता धावणार नाही. पण एका माणसाने उचलण्याइतका तरी होऊ दे मला."

बाई पुन्हा आल्या. दादा करवादायचा, शिव्या घालायचा, पण पाय हलवायचा. काही आठवड्यांनी त्याला उठवायला एकटे मास्तर पुरू लागले. त्यापुढे तो गेला नाही. छातीचा त्रास सुरू झाला आणि बाईंनीही आशा फार वाढवली नाही.

मास्तरीणबाई उठून कामाला लागल्या, पण पूर्वीसारख्या नाही. वाकल्या की चेहरा आवळायचा. डॉक्टरांनी त्यांनाही चालायला सांगितलं होतं. मास्तरांनी आपली फेरी पहाटे दुकान उघडण्याआधी हलवली आणि संध्याकाळी एक तास लवकर कुलूप लावायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांनीच बायकोच्या चपला दारात ठेवल्या.

"मी बसतो दादापाशी. तू जाऊन ये."

"कुठे जाऊ?"

"कुठेही. पाय मोकळे करायला."

त्या गेल्या आणि चहा उकळायच्या आत परत आल्या. "कोपऱ्यापर्यंत गेले. पुढे काय करायचं ते कळेना. हातात पिशवीही नव्हती." दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी गेल्याच नाहीत, कंबर दुखत होती. मास्तर आग्रह करायचे तर त्या चिडायच्या. "आता माझ्यामागे लागा. इतकी वर्षं कुठे होतात?" ते बोलणं खरं होतं, आणि खरं बोलणं रोज ऐकायला जड जातं.

तरी त्या जाऊ लागल्या, कधी जायच्या, कधी नाही. थंडी पडायला लागली तेव्हा एका संध्याकाळी त्या दिवे लागून गेले तरी आल्या नाहीत. मास्तरांनी दोनदा खिडकीतून पाहिलं. दादा म्हणाला, "पडली तर नसेल? बघून ये."

"तुला एकटं टाकून?"

"मी कुठे पळून जातोय?"

मास्तर चपला घालत होते तेवढ्यात दार उघडलं. मास्तरीणबाईंचे गाल थंडीने लाल झाले होते आणि त्या एका हाताने कंबर धरून होत्या.

"किती उशीर?" मास्तर जरा तापूनच म्हणाले. "आम्ही इथे काळजीत."

"फळवाल्या बाई भेटल्या. बोलत बोलत टाकीपर्यंत गेलो." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि हळूच पाय लांब केले. "दुखतंय. उद्याचं उद्या बघू."

मास्तर चहा ठेवायला आत गेले.