नत्थुजींची नाटकातली लेक

भातकुलीचे नत्थुजी वांगी पिकवायचे आणि नाटकांना रडायचे. दोन्ही कामं त्यांनी जन्मभर मन लावून केली. दर रविवारी अमरावतीच्या बाजारात माल विकला की ते टोपलीसकट तडक म्युनिसिपालिटीच्या टिनाच्या नाटकगृहात शिरत, पुढच्या सतरंजीवर बैठक मारत आणि मनसोक्त रडत.

त्या वर्षी म्युनिसिपालिटीत केशवराव वकील निवडून आले. लोकांच्या करातून नटांच्या डोक्यावर टिना कशाला घालायच्या, हा त्यांचा सवाल होता. त्यापेक्षा तिथे कोंडवाडा करू, मोकाट गुरं तरी आवरतील. हे ऐकून नत्थुजींचं जेवणावरून मन उडालं. आपण जिथे इतकं रडलो, तिथे आता म्हशी रवंथ करणार!

लोकांनी फारच गळ घातली, तेव्हा एकदा नाटक बघून मग निकाल द्यायला केशवराव कबूल झाले. रविवारी ते आले आणि नेमके नत्थुजींच्या शेजारी बसले. आज असं रडायचं की वकिलाला नाटकाची किंमत कळलीच पाहिजे, असं नत्थुजींनी ठरवून टाकलं.

नाटकात शकुन नावाच्या सुनेला सासू घराबाहेर काढते. शकुन व्हायचा देवीदास नावाचा नट, पदर सावरण्यात बायकांनाही भारी. तो उंबरठ्यावर कोसळला आणि नत्थुजींचं ठरलेलं रडणं बाजूलाच राहिलं. लेकीला रिकाम्या ओटीनं कसं जाऊ द्यायचं? नारळ जवळ नव्हता, म्हणून ते टोपलीतली उरलेली वांगी घेऊनच वर चढले आणि त्यांनी शकुनची ओटी भरली.

“चाल माय आपल्या घरी. काहून या लोकाइच्या तोंडाले लागून राहिली?”

देवीदास सकाळपासून उपाशी होता. तो लगेच उठला.

“थांबा,” खालून केशवराव गरजले. आता आपली धडगत नाही, असं नत्थुजींना वाटलं. “ती जाणार नाही. आपण होऊन घर सोडलं तर पोटगीचा हक्क जातो.”

कोट सावरत वकीलसाहेब वर आले आणि त्यांनी सासूची उलटतपासणी सुरू केली. सासूचं पाठांतर तिथपर्यंत नव्हतंच. ती रडकुंडीला आली. खाली अख्खं नाटकगृह साक्षीला उभं राहिलं, “आमी पायलं, इनंच ढकललं.”

पुढच्या सभेत कोंडवाड्याचा विषय निघाला, तेव्हा केशवराव ताडकन उठले. “शकुनचा निकाल लागेस्तोवर त्या जागेला कोणी हात लावायचा नाही.” नाटकगृहाच्या टिनांसाठी मदत मंजूर झाली. नाटकवालेही बेरकी, त्यांनी शेवटचा अंक करणंच सोडून दिलं.

घरी बायकोनं, पार्बताबाईनं, विचारलं, “मंग, नांदली का पोरगी?”

“तारीख पडली.”

“घ्या ना म्हणा तिले घरात. किती दिवस बाहीर बसन ते?”

“ते घरात गेली का आपलं नाटकगृह गेलं,” नत्थुजी म्हणाले आणि ढसढसा रडले.