क्लारा मिस्किटाची घागर

क्लारा मिस्किटा आमच्या कॉलेजात मराठी शिकवते असं सांगितलं, की लोक आधी चमकतात. "तुम्ही मराठी किती छान बोलता हो," असं कुणी तिला कौतुकाने म्हटलं, की ती शांतपणे उत्तर देते, "तुम्हीपण बरं बोलता." तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या अंधेरीच्या गावठाणातलं. विमानतळ आणि काचेची ऑफिसं तिच्या दाराशी मागाहून आली. मी नमिता, तिच्याच विभागात व्याकरण शिकवते. आम्ही रोज भांडतो आणि रोज एकत्र डबा खातो.

समीक्षेचा पेपर म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या घशातला काटा. त्यावर क्लाराने स्वतःची युक्ती काढली आहे. ती बाकांना वाद वाटून देते. भिंतीकडचा बाक मार्क्सवादी, दाराजवळचा स्त्रीवादी, पंख्याखालचा मानसशास्त्रीय, अगदी पुढचा रूपवादी. कथा एकच, आणि ज्याने त्याने आपल्या बाकाच्या बाजूने बोलायचं. अट अशी की जो वाद पटतो त्या बाकावर बसायचं नाही. "पटतं ते तुम्ही घरी बोलताच की, त्याला कॉलेज कशाला?" असं तिचं म्हणणं. मी याला संगीतखुर्ची म्हणते, ती मला खडूस म्हणते. दोघींचंही खरं आहे.

यंदा तिने दिलेल्या कथेवर लेखकाचं नाव नव्हतं. मला ते ठाऊक होतं, कारण ती तिने माझ्यासमोर स्टाफरूममध्ये बसून टाइप केली होती. कथेतली रोजा म्हणजे ती स्वतःच.

कथा अशी. त्यांच्या गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि घागर भरून आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. लग्नाच्या सकाळी नवरीची आंघोळ त्या पाण्याने. रोजासाठीही पाणी आलं. पण सकाळी निरोप आला की नवरा येणार नाही, तो परदेशी निघाला. मंडप उतरला. रोजा शिकली, नोकरीला लागली. पहिली घागर भरायचा मान लग्न झालेल्या बाईचा, त्यामुळे पुढे प्रत्येक लग्नात वहिनी रोजाच्या हातात विड्याचं तबक देऊन तिला बाजूला उभी करते. बायका "बिचारी" म्हणतात. घरी तिची घागर माळ्यावर पालथी पडलेली. कथा तिथे संपते.

"हे आत्ता कशाला उकरून काढलंस?" मी विचारलं.

"नॅटलीचं लग्न आहे." नॅटली तिच्या भावाची मुलगी, क्लाराच्या अंगाखांद्यावर वाढलेली. "तिची घागर मला भरायचीय. इझाबेल वहिनी नाही म्हणते. म्हटलं, भांडायच्या आधी बघू तरी, ही गोष्ट किती तऱ्हांनी वाचता येते. गावठाणाला एकच येते."

मला रागच आला. आपलं दुखणं असं कुणी पोरांपुढे टाकतं का? तसं तिला म्हटलंही. "पोरं आहेत गं, गिधाडं नाहीत," ती म्हणाली आणि मला वर्गात येऊन बसायला लावलं. मी कुठल्याच वादात बसत नाही, म्हणून मला शेवटचा बाक.

पवईच्या टॉवरमध्ये राहणारा प्रज्योत मार्क्सवादी बाकावर होता आणि भलताच रंगात आला होता. प्रेमबीम काही नाही, गावठाणातल्या जागेचे भाव बघा, नवऱ्याला घरात वाटा हवा होता, मिळेना म्हणून त्याने मोडलं. मानसशास्त्रीय बाकाने तर कमाल केली. रोजालाच मुळात लग्न नको होतं म्हणे, निरोप म्हणजे तिच्या मनातली इच्छा. मी हसू दाबलं. क्लारा मात्र गंभीरपणे फळ्यावर मुद्दे लिहीत होती.

मग दिपाली उठली. "मॅडम, मी स्त्रीवादी बाकावर आहे म्हणून बोलते हां. रोजा बिचारी नाहीच, ती सुटली. बिचारी ती वहिनी. घागर काढून घेतली तर तिच्याकडे दुसरा कुठला मान उरतो?"

क्लाराचा खडू थांबला. इझाबेलचा असा विचार आम्ही दोघींनी कधी केला नव्हता.

रूपवादी बाकावर जया होती. वेसाव्याची, आईचा मासळीचा धंदा, बोलायला फटकळ. तो बाक तिला अजिबात नको होता. "आम्ही फक्त कथेत लिहिलंय तेवढंच बघायचं ना? मग मी नुसती घागर बघत गेले. सुरुवातीला ती भरून आणली, स्वयंपाकघरात ठेवली. शेवटी ती माळ्यावर पालथी आहे. मध्ये कुणी ओतलीच नाही. मग पाण्याचं काय झालं?"

"लेखक विसरला असेल यार," प्रज्योत म्हणाला.

"भरलेली घागर कोण विसरतं रे?"

"कथेत नाही ते," क्लारा म्हणाली आणि तास संपवला. तास वेळेआधी संपवणारी बाई नव्हे ती.

स्टाफरूममध्ये तिचा चहा तसाच राहिला. "मीपण गावठाणासारखीच लिहिली की गं गोष्ट," ती म्हणाली. "ते जिथे थांबतात तिथेच मीही थांबले." पाण्याचं काय झालं ते मी विचारलं, तर म्हणाली, "आधी जिला सांगायचं तिला सांगते."

नॅटलीच्या पाण्याच्या संध्याकाळी मीही विहिरीवर होते. बँड वाजून थांबला. इझाबेल घागर धरून कठड्याशी उभी होती. तिने विड्याचं तबक क्लारापुढे केलं. "राग मानू नको. रीत मी नाही काढली. ज्यांना ते पाणी लाभलं त्यांनीच भरायचं."

"माझ्या पाण्याचं काय झालं, ठाऊक आहे तुला?" क्लाराने विचारलं.

"ओतून दिलं असेल कुणी."

"परवा एका पोरीने विचारलं. तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं." क्लाराने आवाज चढवला नाही, पण सगळ्या बायकांना ऐकू जात होतं. "निरोप आला तेव्हा तुम्ही सगळ्या बाहेर रडत होतात. मी मोरीत गेले, कडी लावली आणि ती घागर अंगावर घेतली. सगळी. पाणी गार होतं. मला फार बरं वाटलं. मग बाहेर येऊन तुम्हा सगळ्यांना चहा मीच केला. मला ते पाणी लाभलंय, इझाबेल."

इझाबेलने तबक कठड्यावर ठेवलं.

"चहा आठवतो मला," ती म्हणाली. "तुझे केस ओले होते."

तिने घागर क्लाराच्या हातात दिली आणि रिकाम्या हातांनी बाजूला सरकायला लागली. क्लाराने तिला हाताला धरून थांबवलं, घागरीला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

"तू कुठे निघालीस?" ती म्हणाली. "ओढायला दोघी लागतात."