बुरूलआजीचा बुरणूस

आत-बाशीच्या खोऱ्यात जोल्चूची ख्याती हाताची नव्हती, कानाची होती. डावा कान सामुदायिक शेतीवरच्या ट्रॅक्टरांनी पंचवीस वर्षांत खाऊन टाकलेला, उरला उजवा. बिघडलेल्या गाडीपाशी आला की तो उजवा कान बॉनेटकडे करी, खिशातली कुरुतची गोळी, म्हणजे वाळवलेलं खारट दही, तोंडात टाकी, आणि ती विरघळेपर्यंत पान्याला हात लावत नसे. घाईतल्या माणसांना या रीतीचा फार राग येई.

त्या सकाळी घाई तुरातला होती. त्याच्या आईचे, बुरूलआजीचे, दोन्ही डोळे मोतीबिंदूने धुरकटले होते. शहरातला डोळ्यांचा सर्जन वर्षातून एकदाच नारिनला येई आणि आज दुपारपर्यंतच रोगी तपासणार होता. वाट घाटातली, दोन तासांची. म्हातारी पांढरा रुमाल बांधून मागच्या सीटवर केव्हाची बसली होती. आणि तुरातची जुनी रशियन गाडी नुसतीच फिरत होती, पेटत नव्हती.

"मार सेल," जोल्चू म्हणाला.

खर्र, खर्र, खर्र.

"पुरे. बॅटरी राख."

"उस्ता, अहो, काहीतरी उघडा! डॉक्टर निघून जाईल!"

"गोळी अजून आहे तोंडात."

"ढकलून बघू या का उतारावर?" कुंपणापलीकडून शेजारी म्हणाला.

"ढकला. नदीत जाऊन सुरू होईल."

गोळी विरघळली. जोल्चूने एका प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली. निळी ठिणगी टचकन उडाली. मग प्लग बाहेर काढला. काळा, ओलाचिंब. त्याने तो हुंगला.

"आग आहे. पेट्रोल आहे, हवं त्याहून जास्तच आहे. मग हवा कुठे अडली?"

तो गाडीमागे जाऊन गुडघ्यावर बसला, सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला आणि पुन्हा सेल मारायला लावला. तळव्याला लागली ती जेमतेम फुंकर. जोल्चू उठला, पुढे आला आणि एअर फिल्टरच्या सोंडेत दोन बोटं घातली. बोटांमागोमाग पांढऱ्या लोकरी बुरणुसाच्या तुकड्याची घट्ट गुंडाळी बाहेर आली.

हिवाळ्यात इंजिनावर बुरणूस सगळेच घालतात, घामेजल्या घोड्यावर घालावा तसा. पण नाकात कोणी कोंबत नाही.

"हे कोणी केलं?" तुरात ओरडला.

आजीने खिडकीतून हात काढून गुंडाळी चाचपली. "माझाच की हा. काल संध्याकाळी पांघरूण घालताना हाताला ती सोंड लागली. आतून कशी गारगार! म्हटलं, सकाळी एवढ्या लांब जायचंय, घसा धरेल बिचारीचा."

"आई, घोडी नाहीये ती!"

"मग खोकते कशाला?"

शेजारी पोट धरून हसला. जोल्चू हसला नाही. त्याने चारही प्लग पुसले, घरात नेऊन चुलीवर शेकले, परत बसवले. बॅटरीत आता एकाच खेपेचा दम उरला होता.

"अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाब. पाय उचलू नको. मार."

इंजिन जडपणे फिरलं, मंदावलं, थांबतंय थांबतंय असं वाटलं, आणि काळ्या धुराचा लोट सोडून पेटलं. आजी सीटवरच सावरून बसली. गाडी वळणापलीकडे गेल्यावरही जोल्चू उजवा कान तिकडे करून उभा होता. चारही सिलेंडर नीट बोलत होते. मग तो चहाला गेला.

वसंतात तुरातने त्याच्याकडे एक गाठोडं आणून दिलं. आत इंजिनावर घालायचा नवा बुरणूस होता. सोंडेच्या जागी गोल भोक कापलेलं, आणि भोकाच्या कडेने लाल दोऱ्याची शिवण.

"आईने स्वतः शिवलाय," तुरात म्हणाला.

जोल्चूने तो उजेडात धरला. टाके इतके बारीक होते, की ते बघायला त्याला चष्मा लावावा लागला.