बघायला येणार

नव्या टॉवेलची घडी मोडली की रंगाचा आंबूस वास येतो आणि सोलापुरातली ती उन्हाळी दुपार आठवते. सरकारी विज्ञान शिष्यवृत्तीवरच्या मुलींना कारखान्यांत खरंच काम शिकवतात का, हे तपासत मी हिंडत होते. सकाळपासून तेच तेच प्रश्न विचारून जीभ जड झाली होती. टॉवेलच्या या कारखान्यात रंगांच्या चाचण्या करणारी मुलगी समोर आली ती साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन, मान खाली घालून. मागे माढ्याहून आलेली तिची आई. मॅनेजरने घरी फोन केला होता, "उद्या पुण्याच्या मॅडम मुलीला बघायला येणार आहेत." आईने हळूच विचारलं, "मुलगा काय करतो म्हनायचा?" मी थकून म्हटलं, "मुलगा नाही हो, मी हिचं काम बघायला आलेय." "मंजी लगीन न्हाय?" "नाही." आई मटकन खुर्चीत बसली. "लई बरं झालं बाई. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. शिकू दे की अजून तिला." मुलगी तोवर पदर खोचून अ‍ॅप्रन आणायला पळालीसुद्धा होती. त्या दौऱ्यात किती जणींचं काम तपासलं, ते आता आठवत नाही. बघून आले ती मात्र एकच मुलगी.