नियम सातवा

खोटं बोलावं तर माझ्या धाकट्या बहिणीच्या मैत्रिणीनं. इतक्या प्रामाणिकपणे, इतकी मेहनत घेऊन आणि इतक्या टापटिपीनं खोटं बोलणारी दुसरी व्यक्ती ठाण्यापासून कल्याणपर्यंत झाली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खोट्यात मी स्वतः दहा महिने नोकरीला होतो. पद बॉयफ्रेंडचं. पगार शून्य, सुट्टी नाही आणि कामाची तपासणी दर रविवारी.

तेव्हा ती सीएच्या शेवटच्या परीक्षेला बसत होती आणि कल्याणला तिच्या घरी स्थळांची रांग लागली होती. आठवडाभर अभ्यास करायचा आणि रविवारी साडी नेसून पोह्यांच्या बशा फिरवायच्या, याला ती कंटाळली होती. एका दुपारी ती ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरी आली. बहीण चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात ही मला म्हणाली, "दादा, माझा बॉयफ्रेंड होशील? परीक्षेपर्यंतच रे. घरी सांगेन, मुलगा आहे, पण अजून सेटल व्हायचाय. मग स्थळं बंद." मी घाबरून विचारलं, "मीच का पण?" तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "कारण तू आईला आवडशील इतका चांगला आहेस, पण लगेच लग्न लावून द्यावं इतका चांगला नाहीयेस." माझं इतकं अचूक मूल्यमापन माझ्या कुठल्याही साहेबानं आजवर केलेलं नाही. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती लाल समासाची दोनशे पानी वही घेऊन आली. त्यात नियम लिहिलेले होते. आम्ही कुठे भेटलो, आधी कोण बोललं, तिच्या वडिलांनी पगार विचारला तर कुठे बघायचं, सगळं. नियमात बदल करायचा तर जुना शब्द एका रेघेनं खोडायचा, नवा वर लिहायचा आणि समासात तारीख घालून सही करायची, अशी तिची ऑडिटवाली शिस्त होती. चौथा नियम फोटोंचा. एकदा ती तलावपाळीला पिशवीत तीन ओढण्या घेऊन आली, मला तीन शर्ट आणायला लावले, आणि एका दुपारात आमच्या तीन महिन्यांच्या भेटी उरकल्या. मी शौचालयात जाऊन तिसऱ्यांदा शर्ट बदलून आलो तेव्हा भेळवाला म्हणाला, "साहेब, शूटिंग कुठल्या सिरियलचं?" त्याला मात्र तिनं खोटं सांगितलं नाही. "घरगुती आहे," म्हणाली.

सातवा नियम तिनं मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. 'खरोखर प्रेमात पडू नये. पडल्यास तीन दिवसांच्या आत लेखी कळवावे, म्हणजे पर्यायी व्यवस्था करता येईल.' पर्यायी व्यवस्था म्हणजे तिच्या क्लासमधला एक मुलगा. त्याला तिनं राखीव ठेवलं होतं.

पहिला नियम मात्र तिनंच मोडला. 'दादा म्हणणे बंद' असं स्वतःच्या हातानं लिहून, मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा दारातच म्हणाली, "ये ना दादा." तिची आई बघतच राहिली. ही क्षणभर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "अगं आई, त्याच्या घरी सगळे त्याला दादाच म्हणतात." झालं! त्या दिवसापासून मी त्या घराचा दादा झालो. तिचे वडील जवळच्याच मोहने गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याहून तीस-पस्तीस वर्षांनी मोठे, तेही गॅलरीतून हाक मारायचे, "दादा, येताना पेपर आणा हो." होणाऱ्या जावयाला सासरचे सगळे दादा म्हणतायत असं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

रविवारी माझी तोंडी परीक्षा असायची. एकदा तिनं विचारलं, "मला काय काय आवडत नाही, सांग." मी सांगत सुटलो. पिवळी केळी, कुणी पेन उघडं ठेवलेलं, चहात आलं, अर्धवट लावलेले पडदे... ती बोटं मोजत होती. "चौदा झाले," ती म्हणाली. "मी तुला नऊच सांगितलेले. बाकीचे पाच कुठून आणलेस?" मी म्हटलं, "दिसले की." ते पाच तिनं वहीत लिहून घेतले आणि त्या दिवशी तपासणी लवकर संपवली. घरी जाताना मला कळून चुकलं की सातवा नियम लागू झालाय. तीन दिवस गेले, तीन आठवडे गेले, मी काही कळवलं नाही. तिची परीक्षा तोंडावर होती, हे एक कारण. दुसरं, आणि खरं, कारण असं की मला तो पर्यायी मुलगा नको होता.

ती पास झाली. आता ठरल्याप्रमाणे तिच्या आईसमोर भांडण करून सगळं मोडायचं होतं. विषय तिनंच निवडला: लग्नानंतर राहायचं ठाण्याला की कल्याणला. फोनवर तीन तालमी झाल्या. मी म्हणायचं, "कल्याणला मी राहणार नाही." तिनं म्हणायचं, "मग राहू दे." मी निघायचं. एवढंच.

पण नेमका अधिक महिना सुरू होता, आणि हे वहीत नव्हतं. मी पोचलो तर तिची आई ताट घेऊन उभी. ताटात तेहतीस अनारसे, वर तेवतं निरांजन. जावयाचं वाण! "लग्न अजून झालं नाही, कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण दादा, अधिक महिना काय दरवर्षी येतो का? तीन वर्षं कोण थांबणार? दोन अनारसे तुपात हसले, ते काढून पुन्हा केलेत." ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती नुसती उभी होती. मला वाटलं, घाबरली. आता आपणच निभावून न्यायला हवं. तेव्हा ते ताट हातात धरून मी म्हणालो, "कल्याणला मी राहणार नाही."

ती गप्पच. आयुष्यात पहिल्यांदा ती वाक्य विसरली होती. मी हळूच सुचवलंसुद्धा, "मग राहू दे, म्हण." तेवढ्यात तिची आई म्हणाली, "अरे, त्यात काय एवढं? डोंबिवलीला घ्या ना घर. दोघांच्या मध्ये पडतं." तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण मी चोख माणूस, तीन तालमी केलेला. "डोंबिवली तर नाहीच नाही," असं ठणकावून मी ताट टेबलावर ठेवलं आणि जिना उतरलो. माझ्या मते भांडण उत्तम झालं होतं.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. तिचं लग्न होऊन वर्ष झालं, ती पुण्याला असते, वाणासाठी नवऱ्याबरोबर माहेरी आली होती. जमलेलं मोडलं तरी त्या घराचा दादा मी राहिलोच होतो, म्हणून तिच्या आईनं मलाही फोन केला, "दादा, तुझे वेगळे काढलेत, ये." गेलो. नवरा फार चांगला आहे, हीच पंचाईत. "दादा, चहा घेणार ना?" म्हणाला, आणि आलं न घालता स्वतः करून आणला. निघताना तिनं डब्याच्या पिशवीत ती वही ठेवली. "माळ्यावर सापडली. ठेव तुझ्याकडे. माझं तपासून झालंय."

वही मी घरी येऊन उघडली. सातव्या नियमातला 'लेखी' हा शब्द एका रेघेनं खोडलेला होता आणि वर 'तोंडी चालेल' असं लिहिलेलं होतं. पर्यायी व्यवस्थेचं वाक्य तर सबंधच खोडलं होतं. समासात तिची सही, आणि तारीख भांडणाच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मी ताट घेऊन उभा होतो तेव्हा ती वाक्य विसरली नव्हती. माझ्या वाक्याची वाट बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि इतक्या टापटिपीनं कुणीतरी आपली वाट पाहिली होती याचा आनंदही तेवढाच झाला. बराच वेळ मी गॅलरीत वही मांडीवर घेऊन, अनारसे खात बसलो. गेली दोन वर्षं मी डोंबिवलीला राहतो. तिची आई म्हणाली होती ते खरं आहे, मध्ये पडतं.