सहाव्या स्लाइडवरचा गोलकीपर

चहा उकळतोय तोवर सांगूनच टाकते. नाहीतर तुम्ही हे दुसऱ्या कुणाकडून ऐकाल आणि त्यात मी आहे त्याहून मूर्ख निघेन. सहा स्लाइड्समध्ये मी एका माणसाला फुटबॉलच्या टीममधून काढलं. आणि फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं, की चेंडूला हात लावायचा नाही.

मी क्लाउड विकते. म्हणजे इथल्या जबलपूरच्या व्यापाऱ्यांना पटवते, की ऑफिसात स्वतःचा मोठा कॉम्प्युटर पाळू नका. बिलं, ऑर्डरी सगळं इंटरनेटवरून आमच्या मशीनवर ठेवा आणि लागेल तेवढंच भाड्यानं घ्या. बाळंतपणाच्या सुट्टीनंतर नुकतीच परतले होते. परतले ती सुमन दीदीच्या जिवावर. दीदी नऊ ते दोन ईराला सांभाळते, दुपारनंतर मी घरून काम करते. ईरा अकरा महिन्यांची आहे आणि दीदी सोडून कुणाकडे राहत नाही. बापाकडे वीस मिनिटं, तीही त्याच्या मोबाइलसकट. थोडक्यात, नऊला दीदी दारात दिसली तर मी नोकरदार. नाही दिसली तर संपलं.

दीदीचा नवरा शंकर शहरातल्या रांझी भागात एका सेठजींच्या वर्कशॉपात कामाला. सेठजींना फुटबॉलचं वेड, वर्कशॉपचीच टीम बांधलेली. खेळाडूंना पहाटे सराव, दूध-केळी, आणि ड्यूटी थेट दुपारी दोनला. शंकर राखीव गोलकीपर. ईराला खिचडी भरवता भरवता दीदीनं मला अख्खा सीझन ऐकवला होता.

"भाभी, पूरा सीज़न बेंच पे बैठे रहे ये. केले खा-खा के पेट निकल आया."

आणि आमच्या साहेबांनी, शुक्लाजींनी, नेमके तेच सेठजी माझ्या गळ्यात घातले. "फुटबॉल वाले आदमी हैं मैडम, फुटबॉल में ही समझाइए."

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. घाबरले मीही, पण माझ्याकडे आतली माहिती होती ना.

रात्रभर नाही, पण दोन दुपारी खपून स्लाइड्स केल्या. त्यांच्या टीमचा सीझन आणि क्लाउडचे फायदे, शेजारी शेजारी. नवऱ्याला दाखवल्या.

"हे सगळं तुले कुठून माहीत?" निखिलनं विचारलं.

"दीदीकडून."

"अन् तिला माहीत आहे का, तू हे वापरून राहिली ते?"

"नाव कुठे घेतलंय मी? 'राखीव गोलकीपर' एवढंच लिहिलंय."

टीमला राखीव गोलकीपर एकच होता, हे मला फुटबॉल येत असतं तर सुचलं असतं.

शुक्रवारी शुक्लाजींसोबत सेठजींच्या केबिनमध्ये पहिल्या पाच स्लाइड्स छान गेल्या. सेठजी मान डोलवत होते. सामने वाढले की खेळाडू वाढवा, कमी झाले की कमी करा, क्लाउडचंही तसंच. मग आली सहावी.

"एक गोलकीपर पूरे सीज़न में एक मिनट नहीं खेला," मी म्हटलं. "जर्सी चालू, दूध-केला चालू, आधे दिन की ड्यूटी चालू. सेठजी, आपका ये कंप्यूटर वही है. जब ज़रूरत हो तब बाहर से लीजिए. रोज़ क्यों पालना?"

सेठजी पुढे झुकले. "ये शंकर है ना?"

"जी, उदाहरण है."

"अरे शंकर ही है. केले वाली बात सोलह आने सही. मतलब मैच के दिन बाहर से कीपर बुला लो, बाकी दिन छुट्टी."

"सेठजी, मैं कंप्यूटर की—"

"मैडम, आपने आँखें खोल दीं."

सातव्या स्लाइडवर बॅकअप होता. ऐन वेळी हाताशी दुसरं काहीतरी हवंच, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं. तिथवर गाडी पोचलीच नाही. समोसे आले आणि सेठजी भाड्याच्या गोलकीपरवर बोलत सुटले. बाहेर पडताना शुक्लाजी मात्र खूश. "पार्टी गरम है," म्हणाले, म्हणजे गिऱ्हाईक पटलंय.

सोमवारी नऊ वाजले. सव्वानऊ झाले. मग दीदीचा फोन.

"भाभी, इनको टीम से निकाल दिया. अब सुबह से ड्यूटी है. अम्मा बिस्तर पे हैं, अब तक सुबह ये देख लेते थे. अब मैं कैसे आऊँ?"

मी ईराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"कोई मैडम आई थी, उसी ने सेठजी को पट्टी पढ़ाई. भगवान देखेगा उसको."

"कौन होगी?" मी म्हटलं. हो, म्हटलं. तुम्ही काय म्हणाला असता?

तो आठवडा कसा गेला विचारू नका. दोघांनी आळीपाळीनं सुट्ट्या काढल्या. ईरानं एका ऑनलाइन मीटिंगमध्ये माझ्या वतीनं भोकाड पसरलं, आणि ते माझ्या बोलण्यापेक्षा स्पष्ट होतं असं निखिलचं मत पडलं.

पुढच्या सोमवारी सेठजींनी बोलावलं. शुक्लाजी करारपत्र घेऊन आले, मी ईराला घेऊन. सेठजींचा चेहरा उतरलेला.

"मैडम, कल मैच था. अपने कीपर का कंधा उतर गया. भाड़े वाले को फोन लगाया, तो वो दूसरी टीम से खेल रहा था. पाँच गोल खाए हमने."

शुक्लाजींनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. म्हणजे, सांगा आता, आमचा क्लाउड असा दगा देत नाही. तेच सांगायचं होतं. त्याचाच मला पगार मिळतो.

पण समोर सेठजी होते आणि मांडीवर ईरा त्यांचं पेन चघळत होती. मी बोलायला लागले. म्हटलं, सेठजी, गोलकीपर घरचाच हवा. बसून राहिला तरी चालेल, पण आपल्या डोळ्यांसमोर बसलेला हवा. तो आहे म्हणून बाकीचे बिनधास्त धावतात. भाड्याचा माणूस ऐन वेळी फोन उचलेल याचा काय भरवसा? आपलं माणूस गेल्यावर काय होतं, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. तोवर शुक्लाजींनी पाय मागे घेतला होता.

 सेठजींनी मॅनेजरला हाक मारून सांगितलं, शंकरला परत टीममध्ये घ्या, उद्यापासून ड्यूटी दोनला. म्हणजे उद्या नऊला दीदी. मी ईराच्या डोक्याचा पापा घेतला.

"बात दिल को लगी," सेठजी शुक्लाजींकडे वळून म्हणाले. "चीज़ अपनी हो और आँख के सामने हो. कंप्यूटर भी यहीं रहेगा. बल्कि एक और ले रहे हैं, बगल में रखने को. ख़ाली बैठा रहे, कोई बात नहीं."

करारपत्र पिशवीतच राहिलं. परतताना गाडी शुक्लाजीच चालवत होते. ओमती चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली.

"मैडम," ते समोर बघत म्हणाले, "आज आप बहुत दमदार बोलीं. कभी हमारी कंपनी की तरफ़ से भी बोलिए."